डायलवरची कागदी पट्टी : एका बीसी-३४८ च्या दुरुस्तीच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

जुना रेडिओ सेट आज घरी आला. सदाशिव पेठेतला एक वाडा पाडायला काढलाय, सामान हलवताना माळ्यावरून हा खाली उतरला. ज्यांचा होता ते पुण्यातले जुने हॅम, म्हणजे परवाना घेऊन हौसेने रेडिओ केंद्र चालवणारे; त्यांना जाऊन वीस वर्षं झाली. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत, म्हणून या नोंदींतही अण्णाच. त्यांच्या मुलीचं वय आता सत्तरीच्या पुढे, मी त्यांना ताई म्हणतो. त्यांनी आम्हा हॅममधल्या एका ज्येष्ठ काकांना फोन केला आणि काकांनी मला धाडलं.

"भंगारवाला दीड हजार देतोय. पण अण्णांनी सांगून ठेवलंय, विकायचा नाही, ज्याला कळेल त्याला द्यायचा." एवढं बोलून ताईंनी विचारलं, "लावून बघायचा का? इथे प्लग आहे."

मी जवळजवळ ओरडलोच, "नको, ताई!" मग नीट समजावून सांगितलं. इतकी वर्षं बंद असलेला व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या निर्वात नळ्यांचा) सेट एकदम २३० व्होल्टला लावला, की वाळलेले फिल्टर कंडेन्सर शॉर्ट होतात, पाठोपाठ रेक्टिफायर जातो आणि मग मेन्स ट्रान्सफॉर्मर. बाकी सगळं मिळवता येतं. जुना ट्रान्सफॉर्मर जळला की तो पुन्हा गुंडाळून घेण्यावाचून मार्ग उरत नाही, आणि असे गुंडाळणारे हात आता कमी उरलेत.

समोरच्या पत्र्याच्या पट्टीवर बीसी-३४८-क्यू असं स्पष्ट वाचता येतं. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन बॉम्बर विमानांमधला, म्हणजे बी-१७, बी-२४ आणि बी-२९ मधल्या रेडिओ ऑपरेटरच्या टेबलावरचा हा रिसीव्हर. आठ व्हॉल्व्ह. २०० ते ५०० किलोहर्ट्झ, आणि १.५ ते १८ मेगाहर्ट्झ, असे सहा पट्टे. सुरकुत्या पडल्यासारखा दिसणारा काळा रंग, सुमारे अठरा इंच रुंदी. युद्ध संपल्यावर असं सामान डिस्पोजलमध्ये निघालं. त्या काळी परदेशातून नवा सेट मागवणं आपल्याकडच्या हॅमच्या आवाक्याबाहेर होतं. डिस्पोजलमधून विमानाचा रिसीव्हर घ्यायचा आणि ट्रान्समीटर घरी बांधायचा, बहुतेक वेळा ८०७ व्हॉल्व्हवर, अशी ती पिढी हवेत आली.

११ नोव्हेंबर, सोमवार

वजन १७ किलो. स्क्रू काढण्याआधी बाहेरून ४२ फोटो. ओल्या फडक्याने पुसलासुद्धा नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

पेटीतून चॅसी बाहेर ओढली. आत झुरळांची अंडी, कोळिष्टकं, आणि आयएफ (स्टेशन कुठलंही असो, सेट ते आत ज्या एका ठराविक फ्रिक्वेन्सीवर आणतो ती) ट्रान्सफॉर्मरच्या दोन डब्यांमध्ये पालीचा अख्खा सांगाडा. मऊ ब्रशने आणि हलक्या ब्लोअरने साफ केलं. दोन तास गेले, पण आतला पत्रा झळझळीत निघाला. गंज जवळपास नाही, माळ्याची कोरडी हवा मानवली असावी.

आता आत काय आहे ते. विमानात २८ व्होल्टची डीसी असायची. त्यावर फिरणारा डायनामोटर या सेटच्या आतच बसवलेला असे, आणि तो व्हॉल्व्हना लागणारे सुमारे २२० व्होल्ट तयार करी. अण्णांनी तो काढून त्या जागी हाताने गुंडाळलेला मेन्स ट्रान्सफॉर्मर आणि ५वाय३ रेक्टिफायर बसवलाय. व्हॉल्व्हचे हीटर मुळात २८ व्होल्टसाठी गटागटाने एकापुढे एक, सिरीजमध्ये जोडलेले असतात. ते सोडवून सगळे ६.३ व्होल्टवर समांतर केलेत. आउटपुटला ६के६ च्या जागी ६व्ही६. डाव्या बाजूला कंपनीचा नसलेला एक टॉगल स्विच. आणि पुढच्या पॅनेलवर उजवीकडे भोक पाडून बसवलेला एक छोटा व्हेरिएबल कंडेन्सर, त्याच्या नॉबमागे अर्धवर्तुळाकार कागदी पट्टी, वर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा. पट्टीवर शाईने बारीक अंक, आणि एका ठिकाणी अंकाशिवाय लाल रेघ.

त्या कंडेन्सरची बरीचशी पाती तुटलेली आहेत, फक्त दोन शिल्लक. मोडका दिसतो.

मुख्य डायलच्या काचेवर ७.१ च्या जवळ एक ओरखडा आहे. पॉलिश करून जाईल.

२४ नोव्हेंबर, रविवार

बेत असा ठरला. सेट विमानातून निघाला तसा करायचा. मेन्स ट्रान्सफॉर्मर काढायचा, हीटर पुन्हा सिरीजमध्ये, २८ व्होल्टचा बाहेरचा पुरवठा, जमलं तर खरा डायनामोटर. परदेशात एकाकडे तो आहे, पत्रव्यवहार सुरू केलाय. पॅनेलवरची भोकं पत्र्याने बुजवून रंग जुळवायचा.

काकांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "कर. पण आधी आहे तसा चालू करून बघ. त्या माणसाने काय केलंय ते कळल्याशिवाय तोडू नकोस."

पटलं. आधी चालू करायचा.

१ डिसेंबर, रविवार

आजचा पूर्ण दिवस कंडेन्सर मोजण्यात गेला, आणि या नोंदींत सगळ्यात उपयोगी काही असेल तर ते हेच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

या सेटमध्ये चौकोनी, चपटे, तपकिरी रंगाचे कंडेन्सर आहेत, वर रंगीत ठिपके. दिसायला थेट अभ्रकाचे. अभ्रकाचा कंडेन्सर ऐंशी वर्षांनीही सहसा बिघडत नाही, म्हणून नवखा माणूस यांना हात लावत नाही. पण यांतल्या कित्येकांच्या पोटात कागद आहे. कागद वर्षानुवर्षं ओल शोषतो आणि कंडेन्सर गळू लागतो. साध्या मल्टीमीटरवर ही गळती दिसत नाही, कारण त्याचा दाब जेमतेम काही व्होल्टचा. मी एक पाय सुटा करून १५० व्होल्ट देऊन मोजलं. एकूण १९ पैकी १७ गळके.

गळतीने काय होतं ते जागेवर अवलंबून आहे. व्हॉल्व्हच्या स्क्रीनग्रिडवरचा कंडेन्सर गळला, की त्याला पुरवठा करणारा रेझिस्टन्स जास्त करंट वाहू लागतो, तापतो, कालांतराने करपतो. आणि स्क्रीनवर व्होल्टेज कमी पडल्याने सेट बहिरा होतो. एव्हीसीच्या वायरीवरचा गळला तर गोष्ट आणखी सूक्ष्म. एव्हीसी म्हणजे जोरदार स्टेशन आलं की सेटने आपणहून गेन कमी करण्याची व्यवस्था. हे नियंत्रण मेगाओहमच्या रेझिस्टन्समधून जातं, त्यामुळे दोन मेगाओहमची किरकोळ गळतीसुद्धा त्याचा मोठा हिस्सा जमिनीत घालवते. मग जवळचं स्टेशन फाटतं आणि आपण दोष भलत्याच व्हॉल्व्हमध्ये शोधत बसतो. मीही पूर्वी एका सेटवर तीन आठवडे असेच घालवलेत.

कार्बनचे रेझिस्टन्सही मोजले. १०० किलोओहमचे दोन १४० च्या घरात गेलेत. वीस टक्क्यांच्या पलीकडे गेलेले बदलणार, बाकीचे राहू देणार.

४ डिसेंबर, बुधवार

अर्धा दिवस रजा. सकाळी जुना बाजार, नंतर इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांची तपकीर गल्ली. ६३० व्होल्टचे पॉलिस्टर कंडेन्सर पहिल्याच दुकानात मिळाले. ऑक्टल (आठ पिनांच्या) सॉकेटसाठी मात्र सहा दुकानं फिरलो. शेवटच्या दुकानातल्या आजोबांनी खालच्या खणातून बेकेलाइटची दोन काढून दिली आणि पैसे घेतले नाहीत. "कोणता सेट?" विचारलं. सांगितल्यावर म्हणाले, "क्रँक फिरवून लावायचा तो ना?" त्यांना क्रँक आठवत होती. या सेटचं ट्यूनिंग खरोखरच छोट्या मुठीच्या चक्राने होतं.

८ डिसेंबर, रविवार

कंडेन्सर बदलले. एक काढायचा, एक लावायचा, फोटो, मग पुढचा. सगळे एकदम उपटले की चूक होतेच. काढलेले १७ एका डब्यात, प्रत्येकाला जागेची चिठ्ठी बांधून. डबा सेटबरोबर राहील.

नव्यांना जुन्याचं रूप देण्याची खटपट केली नाही. पिवळे कंडेन्सर पिवळेच दिसू देत. पुढे कुणी उघडेल त्याला २०२४ चं काम कुठलं ते चटकन कळावं. अण्णांनी लावलेला ८+८ मायक्रोफॅराडचा फिल्टर कंडेन्सर मात्र अॅल्युमिनियमच्या डब्यासकट ठेवला, तळ कापून आत दोन नवे १० मायक्रोफॅराडचे बसवले. तो डबा चॅसीवर दिसतो आणि त्याच्या जागी दुसरं काही शोभणार नाही.

१५ डिसेंबर, रविवार

ट्यूनिंगची दातेरी चाकं. ग्रीस वाळून लाखेसारखं झालेलं. रॉकेलमध्ये बुडवलेला टूथब्रश, मग कोरडं फडकं, मग शिलाई मशीनच्या तेलाचा प्रत्येक आसाला एकेक थेंब. क्रँक आता बोटाच्या टोकाने फिरते आणि मधे कुठेही ढिलाई नाही. पट्टा बदलण्याचा स्विच फिरवला की डायलवरचा मुखवटा सरकून फक्त त्याच पट्ट्याचे आकडे दिसतात. हे बघत मी बराच वेळ बसलो. दहा हजार फुटांवर हातमोजे घातलेल्या माणसाने चुकीच्या ओळीवरचा आकडा वाचू नये म्हणून कुणीतरी इतका विचार केला होता.

स्विचच्या वेफरवर कॉन्टॅक्ट क्लीनर थेट फवारला नाही. काडीला कापूस गुंडाळून प्रत्येक संपर्क वेगळा पुसला.

२२ डिसेंबर, रविवार

आज वीज दिली.

आधी मेन्सची बाजू. दोन पिनांची जुनी वायर काढली, तीन पिनांची लावली, चॅसी अर्थ केली, अर्ध्या अँपिअरचा फ्यूज घातला. इथे जुनेपणाशी तडजोड करायची नाही असं माझं ठाम मत आहे. ट्रान्सफॉर्मरला ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचं मीटर) लावला, इन्सुलेशन उत्तम. मग सगळे व्हॉल्व्ह काढून, १०० वॉटच्या सिरीज बल्बमधून वीज. बल्ब क्षणभर लाल होऊन विझला. ट्रान्सफॉर्मर निरोगी.

व्हॉल्व्ह लावल्यावर हीटरचा हिशेब : सात व्हॉल्व्ह ०.३ अँपिअरचे आणि ६व्ही६ ०.४५ चा, एकूण २.५५ अँपिअर. हीटरवर ६.७ व्होल्ट आले. आमच्याकडे मेन्स हल्ली २४३ असते आणि अण्णांनी ट्रान्सफॉर्मर २३० साठी गुंडाळून घेतला होता. चालण्यासारखं आहे, पण व्हॉल्व्हचं आयुष्य घटतं. म्हणून १२ व्होल्टच्या एका ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी मेन्सच्या विरुद्ध दिशेने सिरीजमध्ये टाकली. आता सेटला २३१ मिळतात, हीटरला ६.३५, आणि एचटी, म्हणजे व्हॉल्व्हना लागणारं मोठं व्होल्टेज, २१८. हा जोड वेगळ्या डब्यात आहे, सेटला भोक पाडलं नाही.

स्पीकरमधून आधी हलकी घरघर, मग चाळीस सेकंदांनी ती भरीव खसखस. अँटेना म्हणून गॅलरीत टाकलेली दहा मीटर वायर. ७.२०० च्या वर चिनी प्रसारण केंद्रं धडाधड आली.

डाव्या बाजूचा स्विचही उलगडला. तो एचटी तोडतो आणि त्याच्या वायरी मागच्या दोन टर्मिनलांवर जातात. ट्रान्समीटर चालू करताना रिसीव्हर गप्प करण्याची सोय.

२५ डिसेंबर, बुधवार

सुटी होती, म्हणून मूळ बेताला सुरुवात केली. पॅनेलवरचा मोडका कंडेन्सर काढला. त्याची वायर थेट ऑसिलेटरच्या गँगवर, म्हणजे स्टेशन ठरवणाऱ्या मुख्य कंडेन्सरवर जात होती. सोल्डरचा डाग सोडवून वेगळी केली. मोजला : ३ ते ८ पिकोफॅराड. कागदी पट्टी प्लास्टिकखालून अलगद सोडवून पाकिटात ठेवली.

सेट पुन्हा लावला. सोमवारी डायलच्या ७.१ वर ऐकलेलं आता ६.९८ वर येतंय. सगळ्याच पट्ट्यांवर आकडे सरकलेत. याचा अर्थ, अण्णांनी हा कंडेन्सर धरूनच संपूर्ण सेट पुन्हा जुळवला होता.

रात्री पट्टी भिंगाखाली धरली. डाव्या टोकाला ७.०००, उजव्या टोकाला ७.१००, मध्ये दर दहा किलोहर्ट्झला रेघ. हा बँडस्प्रेड आहे! बीसी-३४८ चा चौथा पट्टा ६ ते ९.५ मेगाहर्ट्झचा, त्यात हॅमचा चाळीस मीटर (७ मेगाहर्ट्झजवळचा) पट्टा जेमतेम बोटभर जागेत येतो. क्रँक कितीही चांगली असली तरी आकडा वाचता येत नाही. अण्णांनी तोच तुकडा ताणून अर्धवर्तुळभर केला.

आणि काचेवरचा ओरखडा! मुख्य डायल ओरखड्यावर, म्हणजे ७.१ वर लावून ठेवायची आणि मग फक्त छोटा नॉब फिरवायचा. तो ओरखडा म्हणजे त्यांची खूण. गेल्या रविवारी पॉलिशची डबी उघडली होती मी, तेवढ्यात कुणीतरी आलं म्हणून राहिलं.

पट्टी ७.१०० ला का संपते तेही लख्ख आहे. अण्णांच्या काळी आपला पट्टा तिथेच संपत होता. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेत तो वाढवायचं ठरलं आणि २००९ पासून ७.२०० पर्यंतचा भाग मोकळा झाला. अण्णा तोवर नव्हते.

२९ डिसेंबर, रविवार

ताईंना फोन केला. लाल रेघेबद्दल विचारलं.

"अगं बाई, ती आहे का अजून? रात्री नऊला नागपूरचे एक काका तिथे यायचे. अण्णा हेडफोन लावून बसायचे आणि मला सांगायचे, लाल खुणेवर आण. तेवढं काम माझं. मी नऊ-दहा वर्षांची असेन."

फोन ठेवल्यावर बराच वेळ टेबलाशी बसलो. समोर पाकिटात पट्टी, शेजारी सुटा कंडेन्सर.

मी "मूळ रूप" म्हणत होतो ते कशाचं? हा सेट विमानात दोन-तीन वर्षं असेल. अण्णांच्या टेबलावर तो चाळीसहून अधिक वर्षं चालला. मला मूळ रूप द्यायचं तर त्यातली चाळीस वर्षं पुसून दोन वर्षं परत आणावी लागतील. विमानातल्या अवस्थेतले बीसी-३४८ जगभरच्या संग्रहांत बरेच आहेत. सदाशिव पेठेत डोकं चालवून चाळीस मीटरसाठी ताणलेला हा एकच आहे.

आपल्याकडे याची मोठी परंपरा आहे, हे मी विसरलो होतो. युद्धानंतर लिबरेटर विमानं कानपूरला मोडीत टाकलेली पडून होती. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्या ढिगातून एकेक विमान जुळवून बंगळूरला उडवत नेलं, आणि ती लिबरेटर १९६८ पर्यंत आपल्या हवाई दलात होती. कुणी त्यांना बनावट म्हणत नाही. मिळालं त्यातून कामाचं घडवणं हाच त्या वस्तूंचा भारतातला इतिहास आहे, आणि अण्णांचं पॅनेलवरचं भोक त्याच इतिहासाचा भाग आहे.

डायनामोटरवाल्याला नम्रपणे नको म्हणून कळवलं. हीटर समांतरच राहतील. ट्रान्सफॉर्मर राहील. ६व्ही६ राहील. बेत बदलला.

५ जानेवारी २०२५, रविवार

कंडेन्सर परत बसवला. फोटो होते म्हणून वायर जुन्याच वळणाने नेता आली; चार-पाच पिकोफॅराडच्या कामात वायर अर्धा इंच इकडेतिकडे झाली तरी फरक पडतो. जुना डाग खरवडून नवा दिला. पट्टीच्या मागे आम्लरहित कागद लावून ती पुन्हा प्लास्टिकखाली सरकवली.

१२ जानेवारी, रविवार

अलाइनमेंट, म्हणजे सगळे टप्पे एकमेकांशी जुळवणं. सेटची आयएफ ९१५ किलोहर्ट्झ असं पुस्तक सांगतं, पण सिग्नल जनरेटर (हव्या त्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल देणारं यंत्र) ९१५ वर लावून आयएफ जुळवायची नाही. आत क्रिस्टल फिल्टर आहे, फक्त अरुंद तुकडा पुढे जाऊ देणारा, आणि खरा मालक तो क्रिस्टल. आधी फिल्टर चालू करून जनरेटर हळू सरकवला. माझ्या क्रिस्टलचं टोक ९१४.६ ला सापडलं. मग सगळे आयएफ ट्रान्सफॉर्मर ९१४.६ ला जुळवले. असं केलं नाही तर फिल्टर चालू करताच आवाज कोसळतो आणि लोक बिचाऱ्या क्रिस्टलला मेला म्हणून सोडून देतात.

एव्हीसी बंद, सिग्नल अगदी क्षीण, आउटपुटवर मीटर. प्रत्येक गाभा पाव-पाव आटा. तिसऱ्या ट्रान्सफॉर्मरचा एक गाभा अडकलेला; जोर केला नाही, तो आहे तिथे ठीक आहे. नंतर सहाही पट्टे. १० मेगाहर्ट्झवर चीनचं बीपीएम हे वेळेचं केंद्र येतं, त्याच्यावर पाचव्या पट्ट्याची डायल तपासली. मुख्य डायल ओरखड्यावर, छोटा नॉब उजव्या टोकाला : जनरेटरवर ७.१०१. नॉब डाव्या टोकाला : ६.९९९. मध्ये लाल रेघ : ७.०५४.

त्यांच्या शाईच्या रेघा आजही एक-दीड किलोहर्ट्झच्या आत खऱ्या आहेत.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. ताईंकडे तिळगूळ द्यायला गेलो, सेटचे फोटो दाखवले. सेट मात्र अजून हलवणार नाही, आठवडाभर रोज चार तास चालवून बघायचाय.

१९ जानेवारी, रविवार

स्थिरता मोजली. चालू केल्यापासून पहिल्या अर्ध्या तासात ३.८ किलोहर्ट्झ सरकतो, पुढच्या तासाभरात ६०० हर्ट्झ. या वयाला उत्तम. ऐकण्याआधी अर्धा तास तापू द्यायचा, बस.

हल्ली चाळीस मीटरवर बोलणं जवळपास सगळं एसएसबीमध्ये (वाहक लहर गाळून आवाजाची फक्त एक बाजू पाठवायची पद्धत) चालतं, आणि हा सेट त्यासाठी बनलेला नाही. एव्हीसीवर ठेवून बीएफओ (ती गाळलेली लहर सेटच्या आतच पुरवणारा ऑसिलेटर) चालू केला तर आवाज गुळगुळीत चिखलासारखा येतो. युक्ती अशी : स्विच एमव्हीसीवर, म्हणजे हाताने गेन ठरवण्यावर टाकायचा. मग तीच आवाजाची मूठ आरएफ गेन सांभाळते. ती इतकी खाली आणायची, की स्टेशन बीएफओपेक्षा दुबळं होईल, आणि मग बीएफओची मूठ केसभर फिरवायची. मराठी बोलणारे दोन आवाज एकदम माणसांचे झाले. सकाळी साडेसात ते नऊ, कोल्हापूर, नाशिक, हुबळी, इंदूर. दुपारी बारानंतर जवळची स्टेशनं आणखी जोरात, दूरची गायब. सूर्यास्तानंतर उलट.

२६ जानेवारी, रविवार

सकाळच्या नेटवर (ठरल्या वेळी हवेत भरणाऱ्या हॅमच्या बैठकीत) आज मुंबईच्या एकांनी काँग्रेस रेडिओची आठवण काढली. १९४२ च्या ऑगस्टमध्ये, नेते तुरुंगात गेल्यावर, उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत गुप्त रेडिओ केंद्र चालवलं. ट्रान्समीटर एका घरातून दुसऱ्या घरात हलवत राहिले. नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी पकडलं आणि उषाबेनना शिक्षा भोगायला इथे येरवड्याला आणलं. युद्ध सुरू होताच हॅमचे परवाने बंद झाले होते. त्या स्थितीत ट्रान्समीटर बांधणं आणि चालवणं म्हणजे काय, हे परवाना हातात असलेल्या माझ्यासारख्याला सहज उमगत नाही.

ते केंद्र ४२.३४ मीटरवर होतं. प्रकाशाचा वेग भागिले ४२.३४, म्हणजे सुमारे ७.०८१ मेगाहर्ट्झ. अण्णांच्या पट्टीवर ७.०८० च्या रेघेला जवळजवळ लागून. रात्री दहाला नॉब तिथे आणला. खाली कुणीतरी संथ मोर्स पाठवत होतं, शिकाऊ हात, प्रत्येक अक्षरानंतर मोठी जागा सोडून. शेवटपर्यंत ऐकलं.

९ फेब्रुवारी, रविवार

ताई आल्या. बरोबर अण्णांच्या लॉगच्या तीन वह्या. हॅमने प्रत्येक संभाषण वहीत लिहायचं असतं, पण अण्णा त्याच वहीच्या उजव्या समासात सेटची कामंही लिहीत. ताईंनी सेट बघितला, नॉबला हात लावायच्या आधी मला विचारलं, आणि मग न बघता लाल रेघेवर आणला. नऊ वाजायला अवकाश होता, तिथे कुणी नव्हतं.

पहिल्या वहीत, १९५७ च्या जूनमधल्या एका पानाच्या समासात पेन्सिलीने लिहिलंय : "कंडेन्सरची आणखी दोन पाती काढली. आता ७.० ते ७.१ पूर्ण बसतो." त्याच्या चार दिवस आधी : "एक पात काढले. अजून फार वेगाने पळतो." आणि त्याआधी : "बाजारातला कंडेन्सर लावला. निरुपयोगी. पाती जास्त."

म्हणजे पाती मोडली नव्हती. पक्कडीने एकेक करून, ऐकत ऐकत काढली होती. माझ्या १७ नोव्हेंबरच्या नोंदीत "मोडका दिसतो" असं आहे, ते खोडत नाही, पण इथे दुरुस्त करतो.

वह्यांची पानं उद्यापासून स्कॅन करणार. वह्या ताईंकडे परत जातील. सेटचं उरलेलं काम : डायलचा एक दिवा, तिसऱ्या आयएफचा अडकलेला गाभा (हात लावणार नाही, नोंद असू दे), हेडफोनचा खालचा जॅक कधीकधी सुटतो. आणि ७.१०० च्या पुढे ऐकायचं तर मुख्य डायल ओरखड्यापासून सोडवावी लागते. त्यासाठी दुसरी पट्टी करणार आहे, वेगळ्या कागदावर, मोजमापं सेटच्या पेटीत चिकटवून ठेवीन. अण्णांच्या पट्टीला जोड देणार नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

दिवा लावला. जॅकची पाती वाकवून घट्ट केली.